नळ फुटला तिथे बर्फ नव्हता

दहावीला एक ठरलेला प्रश्न असायचा, आठवतोय? थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात? उत्तरही ठरलेलं: पाण्याचं असंगत आचरण, होपचं उपकरण, ४ अंशांखाली प्रसरण, बर्फाला जागा जास्त लागते, म्हणून नळ फुटतो. आमच्या सरांनी ते घोटून घेतलं होतं आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. पुढे पीएचडीचा विषयही असा मिळाला की वितळलेला धातू गोठताना आत काय घडतं तेच दिवसभर बघायचं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. त्या खात्रीपायी खालच्या मजल्यावरच्या आजींचं घर दोनदा भिजलं. ते कसं, ते सांगते. संशोधनाला लागण्याआधी हे वाचलंत तर तुमची एखादी चूक तरी वाचेल.

फेब्रुवारी २०२१. टेक्सासमध्ये अशी थंडी पडली की डॅलसला पारा −१९ सेल्सिअसपर्यंत गेला आणि ह्यूस्टनसारख्या गरम, दमट शहरातही तो −१० च्या खाली उतरला. वीज गेली, घरातलं हीटिंग बंद पडलं. सरकारी आकड्यानुसार दोनशेहून जास्त माणसं गेली आणि एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायच्या सूचना होत्या. इथली घरं उन्हाळा डोक्यात ठेवून बांधलेली असतात. पाण्याचे पाइप बऱ्याचदा पोटमाळ्यातून, छपराखालून जातात. मी दुमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहत होते. थंडी ओसरली त्या दुपारी स्वयंपाकघराच्या छतातून पाणी कोसळायला लागलं आणि माझ्या जमिनीतून खाली आजींच्या पलंगावर.

प्लंबरने छत उघडलं. स्वयंपाकघरावरच्या एल्बोजवळ तांब्याचा पाइप लांबीच्या दिशेने चिरला होता, माशाच्या उघड्या तोंडासारखा. घरमालकांनी मला विचारलं, तू तर यातलीच, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? मी एल्बोकडे बोट दाखवलं. इथे पाणी गोठलं, इथे फुटला, तर इथे फोमचं जाड आवरण घाला. त्यांनी घातलं. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा थंडीची लाट आली आणि पाइप पुन्हा फुटला. आवरणापासून हातभर पुढे.

आता जरा फ्रीज उघडा. बर्फाचा ट्रे घ्या. त्यातही पाणीच गोठतं, तेही ९ टक्क्यांनी वाढतं. मग रोज रात्री ट्रे का तडकत नाही? कारण वरची बाजू मोकळी असते, बर्फ वर फुगतो. काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेली काचेची बाटली मात्र फुटते, कारण तिथे वाढायला जागाच नाही. मग पाइप कशासारखा आहे? मी तो न विचारताच बाटलीसारखा धरला होता. पण पाइप लांब असतो. मधे कुठे बर्फ झाला तर तो दोन्ही बाजूंच्या पाण्याला ढकलत लांबीच्या दिशेने वाढू शकतो. म्हणजे बर्फ आहे तिथेच पाइप फुटायला हवा, असं ते ९ टक्के सांगतच नाहीत.

आमच्या पोटमाळ्यात सगळ्यात थंड जागा एल्बोची नव्हती. छपराच्या कडेला हवा खेळायला जाळी ठेवलेली असते, पाइप तिच्या अगदी जवळून आत येत होता. बर्फाचं बूच बसलं ते तिथे, एल्बोपासून चांगलं दोन मीटर लांब.

बूच बसल्यावर काय होतं बघा. बुचाच्या एका बाजूला शहराची मोठी लाइन. तिकडे ढकललेलं पाणी निवांत मागे सरकतं, काही बिघडत नाही. दुसऱ्या बाजूला बूच ते बंद नळ, एवढं पाणी कोंडलेलं. आणि पाणी दाबून दबत नाही. साधारण दोनशेवीस वातावरणांचा दाब दिला तर ते कसंबसं १ टक्का आकसतं. आता हाच हिशोब उलटा करू. अर्ध्या इंची पाइपच्या सुमारे सात मीटरमध्ये एक लिटर पाणी मावतं. समजा त्यातलं १०० मिलिलिटर गोठलं. जागा वाढली ९ मिलिलिटर. उरलेल्या ९०० मिलिलिटरला १ टक्का आकसावं लागणार, म्हणजे दाब दोनशेच्या पलीकडे! घरच्या नळाला नेहमी असतो तो चार-पाच. हिशोब ढोबळ आहे, पाइप थोडा ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात दाब काहीसा कमी भरेल. पण बघा, या सगळ्यात नऊ दशांश पाणी अजून पाणीच आहे. पाइप फोडतं ते हे पाणी, आणि द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचत असल्यामुळे ते बुचाजवळ फोडत नाही, जिथे पाइप कच्चा असेल तिथे फोडतं. ती जागा उबदार स्वयंपाकघरावरसुद्धा असू शकते.

आणि थंडी असताना गळत का नाही? कारण बूच बसलेलं असतं. चिरेतून थोडं पाणी बाहेर येतं आणि थांबतं. ऊन पडलं, बूच वितळलं, की शहराच्या लाइनचं पाणी सुटतं. म्हणून लोकांना वाटतं पाइप वितळताना फुटला.

हे मी शोधून काढलेलं नाही बरं का. मी फक्त दुसऱ्यांदा भिजल्यावर वाचायला बसले. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलमध्ये १९९० च्या दशकात पोटमाळ्यातले पाइप मुद्दाम गोठवून, त्यांना दाबमापक लावून हेच तपासलं होतं. बर्फाने पाइप बुजल्यानंतर पुढच्या कोंडलेल्या पाण्यात दाब चढतो आणि त्याने पाइप जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्यांच्याच कामातून एक इशाऱ्याचा आकडा आला: बाहेर २० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे −७ सेल्सिअस.

शून्य का नाही? एक कारण सोपं, पोटमाळा बाहेरपेक्षा थोडा उबदार असतो. दुसरं मला जास्त आवडतं, कारण ते माझ्या विषयाच्या जवळचं आहे. स्थिर पाणी शून्याला गोठेलच असं नाही. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला काहीतरी निमित्त लागतं, ते मिळेपर्यंत पाणी शून्याखालीही द्रवच राहतं. याला सुपरकूलिंग म्हणतात. मग निमित्त मिळालं की एका झटक्यात गोठायला लागतं. समजा −५ पर्यंत थंड झालेलं पाणी आहे. गोठताना बाहेर पडणारी अप्रकट उष्णता त्याला पुन्हा शून्यावर आणते आणि तिथे हा झटका थांबतो. १ ग्रॅमला ५ अंश चढवायला सुमारे २१ ज्यूल लागतात, १ ग्रॅम गोठताना ३३४ ज्यूल सुटतात. भागाकार करा: जेमतेम ६ टक्के पाणी गोठतं.

६ टक्क्यांनी काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण हा बर्फ भिंतीला चिकटलेला थर नसतो. नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटत तो पाइपच्या आरपार पसरतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात आर. आर. गिल्पिन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की अशा जाळीदार बर्फाने पाइप बराचसा द्रव असतानाच तुंबू शकतो. (धातू गोठतानाही अशाच फांद्या फुटतात. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली ज्या आकृत्या बघते, त्या माझ्या डोक्यावरच्या पोटमाळ्यात होत्या!)

आता यातून उपाय कसा बदलतो ते बघा. थंडीत नळ थेंब थेंब चालू ठेवा, असं इकडे सगळे सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, वाहतं पाणी गोठत नाही. थेंबाथेंबाने येणाऱ्या पाण्यामुळे थोडी ऊब येते हे खरं, पण कडक थंडीत ते पुरेसं नाही, बूच तरीही बसू शकतं. खरी गंमत ही की बूच बसलं तरी नळ उघडा असल्यामुळे दाब चढत नाही. म्हणजे धार थांबली म्हणून नळ बंद केलात, तर नेमकी नको तीच गोष्ट केलीत. आणि नळ कुठला उघडायचा, तर ज्याचा पाइप थंड जागेतून जातो तो, बुचाच्या पुढचा.

माझी चूक कुठे झाली ते आता तुम्हाला दिसलं असेल. मी बर्फ बघितलाच नव्हता. चीर बघितली आणि बर्फ तिथेच असणार असं धरून चालले. माझं म्हणणं खरं असतं तर सगळ्यात थंड जागा एल्बोची निघायला हवी होती. साधा थर्मामीटर घेऊन पोटमाळ्यात चढले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं. डिसेंबर २०२२ नंतर चढले. जाळीजवळ आणि एल्बोजवळ एकाच रात्री ६ अंशांचा फरक निघाला. आवरण आता जाळीपासून सुरू होतं.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा थंडी आली. मी स्वयंपाकघराचा नळ बारीक सुरू ठेवून झोपले. पहाटे धार थांबली होती, नळ तसाच उघडा ठेवला. तासाभराने खालून आजींचा फोन आला, पाणी का बंद झालं म्हणून. त्यांनाही त्यांचा नळ उघडा ठेवायला सांगितलं. दुपारी दोन्ही नळ आपोआप वाहायला लागले, तेव्हा खाली जाऊन त्यांच्या पलंगावर चढले आणि छताला हात लावून बघितला. कोरडं होतं.