शंभर टक्के, पण कोणाचे?

निवडणूक जवळ आली, की वृत्तवाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांच्या पानांवर जनमत चाचण्यांची रंगीत वर्तुळे झळकू लागतात. शालेय गणितातील 'वृत्तालेख' म्हणजेच हा पाय चार्ट. वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे शंभर टक्के. म्हणजेच एक टक्का ३.६ अंशांचा. गणित इतके सोपे असूनही वाचकाची फसगत होते. 'हे शंभर टक्के कोणाचे?' हा प्रश्न विचारला जात नाही, हे त्याचे प्रमुख कारण.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मते मिळाली आणि ५४३ पैकी २८२, म्हणजे जवळपास ५२ टक्के जागा. मतदान सुमारे ६६ टक्के झाले होते. त्यामुळे सर्व नोंदणीकृत मतदारांचे वर्तुळ काढल्यास पक्षाचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास येतो. तिन्ही आकडे खरे. पाया मात्र वेगवेगळा.

कुंपणावरचे मतदार

चाचण्यांत हा पाया सहज बदलतो. समजा, एक हजार जणांपैकी ४०० जणांनी एका पक्षाला, ३०० जणांनी दुसऱ्या पक्षाला पसंती दिली आणि ३०० जणांनी 'अजून ठरवले नाही' असे सांगितले. पहिल्या पक्षाचा वाटा ४० टक्के ठरतो. कुंपणावरचे ३०० जण वगळून वर्तुळ काढले, की तोच वाटा ५७ टक्के होतो आणि 'स्पष्ट बहुमत' असा मथळा तयार होतो!

टक्का आणि टक्के बिंदू

भाजपच्या मतांचा वाटा २००९ मधील सुमारे १९ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ३१ टक्क्यांवर गेला. ही वाढ १२ टक्के बिंदूंची. मूळ वाट्याच्या तुलनेत मात्र साठ टक्क्यांहून अधिक. कोणता आकडा मथळ्यात येतो, यावर वाचकाचे मत बनते.

नमुन्याची मर्यादाही महत्त्वाची. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एक हजार जणांच्या पाहणीत साधारण तीन टक्के बिंदू इकडे-तिकडे होऊ शकतात. त्यातील शंभर तरुणांचे स्वतंत्र वर्तुळ काढल्यास ही शक्यता दहा बिंदूंपर्यंत जाते. नमुनाच एकांगी असेल, तर चूक याहूनही मोठी. मतांवरून जागांचा अंदाज बांधणे तर आणखी कठीण. २०२४ मध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

म्हणूनच वर्तुळाच्या रंगांआधी त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत. किती जणांना विचारले, कोणाला वगळले आणि प्रश्न नेमका काय होता, हे तेथे दिले नसेल, तर त्या टक्केवारीवर आपले मत ठरवू नये.