हेड बदलण्याआधी वेव्हफॉर्म बघा

डीटीएफ किंवा फ्लेक्स मशीनवर अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके उडायला लागले की पहिला सल्ला येतो, "हेड गेलं, बदला." जरा थांबा. नोझल चेक पूर्ण येतोय ना? मग हेडची उंची तपासा आणि नंतर व्होल्टेजकडे वळा.

पिएझो हेडमध्ये शाईच्या कप्प्याला पिएझोचा थर असतो. व्होल्टेजनुसार तो आकार बदलतो. कप्पा फुगून शाई ओढतो, मग आकसून थेंब ढकलतो. सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांचा! व्होल्टेज किती, किती वेळ, किती झटक्यात चढतं-उतरतं, याचा आलेख म्हणजे वेव्हफॉर्म.

प्रिंट फिकी आली की बरेच जण व्होल्टेज वाढवतात. थेंब मोठा आणि वेगवान होतो खरा, पण त्याची शेपटीही लांबते, तुटते, आणि तेच हे ठिपके. उलट पल्सची लांबी कप्प्यातल्या दाबाच्या लाटेशी जुळली, तर कमी व्होल्टेजमध्येही थेंब नीट सुटतो.

शाई स्वस्त मिळाली म्हणून बदललीत? तिचा दाटपणा वेगळा असेल, तर जुना वेव्हफॉर्म चालेलच असं नाही. थंडीत तीच शाई आणखी दाट होते. विक्रेत्याला सरळ विचारा, "माझ्या हेडवर या शाईला कुठली वेव्हफॉर्म फाइल?" त्याला सांगता आलं नाही, तर आधी छोटी बाटलीच घ्या.