ऑस्करला रूममेट हवाय?

दुकानातला दोन इंचांचा ऑस्कर भलताच गोड दिसतो. काचेला तोंड लावून बघत बसतो, बोट फिरवलं की मागे मागे येतो. कॉलेज सुटलं की रत्नागिरीहून पिशवीतल्या पाण्यातून, एसटीने, तो पालीला घरी येतो. घरच्या दोन फुटी टँकमध्ये आधीपासून गप्पी, मॉली आणि एखादी गोल्डफिशची जोडी असते. काही दिवसांत गप्पी कमी व्हायला लागतात. मग मॉली. पुढे गोल्डफिशच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात, आणि मोबाइलवर शोध सुरू होतो : ऑस्करबरोबर कोणता मासा ठेवू?

प्रश्न बरोबर आहे, पण उशिरा विचारलाय. मोठ्या शिकारी माशाचा सोबती ठरवायचा तो त्याला विकत घेण्याआधी. आणि कधी कधी त्याचं खरं उत्तर 'कोणीच नाही' असं असतं.

आधी तोंड बघा

मोठा मासा छोट्याला खातो, यालाच आपण मात्स्यन्याय म्हणतो. टँकमध्ये हा न्याय अगदी शब्दशः चालतो. जो मासा तोंडात मावतो तो सोबती नसतो, जेवण असतो. त्यात राग नाही की दुष्टपणा नाही. त्यामुळे 'लहानपणापासून एकत्र वाढलेत, काही करणार नाही' या भरवशावर राहू नका.

निवड करताना माशाचा आजचा आकार विसरा, पूर्ण वाढ बघा. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नीट सांभाळला तर तो साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर होतो आणि दहा वर्षं सहज जगतो. सिल्व्हर अरोवाना घरच्या टँकमध्येही दोन-तीन फुटांपर्यंत जातो. बोटभर असताना विकला जाणारा रेडटेल कॅटफिश तर मीटरभराच्या पुढे वाढतो. तो घरात ठेवायचा मासाच नव्हे. 'पिरान्हा' म्हणून गळ्यात मारलेला मासाही पुष्कळदा पाकू निघतो. मासळी बाजारात आपण त्याला रूपचंद म्हणतो, आणि तोही चांगलाच मोठा होतो.

तोंडात मावत नाही म्हणून कोरीसारखा छोटा काटेरी कॅटफिश सोडणं हीसुद्धा चूकच. ऑस्कर तो गिळायला जातो, काटे घशात अडकतात आणि दोघंही मरतात.

मग जागा

खाणं हा एक भाग झाला. भांडण वेगळंच. ऑस्कर सिक्लिड कुळातला. आपल्याकडे जाळ्यात येणारा तिलापियाही त्याच कुळातला. हे मासे तळाचा एखादा कोपरा, एखादा दगड 'आपला' ठरवतात आणि त्याची राखण करतात. जोडी जमून अंडी घातली की मग विचारूच नका. अख्खा टँक त्यांचा होतो आणि बाकीचे कोपऱ्यात चिकटतात.

फ्लॉवरहॉर्न त्याहून तापट. हा निसर्गात नव्हता. १९९०च्या दशकात मलेशियात वेगवेगळे सिक्लिड एकमेकांशी जुळवून तो तयार केला गेला. डोक्यावरच्या फुगीर टेंगळामुळे लोकांना तो आवडतो. त्याला एकटा ठेवणं हाच उत्तम उपाय. एकटा मासा म्हणजे उदास मासा, हे आपण माणसांनी ठरवलंय. त्याला स्वतःची जागा मिळाली, तर त्याची तक्रार नसते.

टँकचं गणित करून बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५५ लिटर पाणी मावतं. चार बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये अडीचशे लिटर. एका ऑस्करसाठी ही सुरुवात समजा. सोबती हवा असेल तर याहून मोठा टँक लागतो. आणि अडीचशे लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच अडीचशे किलो वजन. प्लायच्या टेबलावर किंवा माळ्यावर ठेवायची ही वस्तू नाही.

जमू शकतील अशा जोड्या

टँक खरंच मोठा असेल, तर निवड मजल्यांप्रमाणे करायची. अरोवाना वरच्या थरात फिरतो, त्याचं तोंडच वर उघडणारं. ऑस्कर मधे. तळाला बिचिर. बिचिर म्हणजे जाड खवल्यांचा, लांबट, फूटभर होणारा आफ्रिकन मासा. तिघांचे मजले वेगळे असल्यामुळे रोजची गाठभेट कमी होते. अरोवाना उड्या मारण्यात पटाईत आहे, तेव्हा झाकण घट्ट हवं.

ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलरचा पाच-सहांचा थवा चांगला चालतो. हे मासे चपळ असतात, आणि अंगाने उंच व चपटे असल्यामुळे तोंडात मावत नाहीत. मात्र ते बोटभराचे नकोत, चांगले वाढलेले घ्या. सेव्हरम हा ऑस्करचाच, पण जरा शांत चुलत भाऊ. 'सकर' नावाने विकला जाणारा प्लेको अंगावरच्या चिलखतामुळे टिकतो. पण तोही दीड फुटापर्यंत वाढतो, आणि कधी कधी रात्री दुसऱ्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खायला लागतो. लक्ष ठेवा.

पाणीही जुळायला हवं. जांभ्याच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, ते दक्षिण अमेरिकेतल्या माशांना मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत सिक्लिडना जड, क्षारयुक्त पाणी लागतं. रंग बघून दोघांना एकत्र कोंबू नका. आपल्या पाण्याचा पीएच आणि जडपणा एकदा टेस्ट किटने मोजून घ्या.

ओळख करून देताना

नवा मासा थेट टँकमध्ये नको. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा, रोग असेल तर कळतो. सगळ्यात तापट मासा सर्वात शेवटी सोडा. आधीच तापट मासा असेल, तर नवा सोडण्यापूर्वी दगड-लाकडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्याचा 'एरिया' मोडतो. दिवे बंद करून सोडा. पहिल्या दिवसापासून आडवी काच किंवा जाळी हाताशी ठेवा. फाटलेले पर, कोपऱ्यात लपणं, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. लगेच वेगळं करा.

खायला पेलेट द्या. जिवंत गोल्डफिश टाकून 'शिकार' बघण्याची हौस महाग पडते. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशच्या मांसात बी-वन जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. मोठे मासे घाणही मोठी करतात. दमदार फिल्टर हवा आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायला हवं. पावसाळ्यात लाईट गेली की फिल्टर बंद पडतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

आणि नाहीच जमलं तर?

खरी गोची इथे होते. मासा टँकमध्ये मावेना, सोबत्यांना मारायला लागला, की कोणीतरी म्हणतं, 'नदीत सोड, बिचारा जगेल.' नेमकं तेच नको. २०१८च्या पुरानंतर केरळच्या नद्यांमध्ये अरापाइमासारखे परदेशी शिकारी मासे सापडले. २०२३मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार मिळाला. त्याचं मूळ गाव उत्तर अमेरिका.

पालीहून लांज्याकडे जाताना अंजणारीच्या पुलाखालून काजळी वाहते. पहिल्या पावसात आपल्याकडच्या नद्यांतून, वहाळांतून चढणीचे मासे अंडी घालायला वर सरकतात. त्या अंड्यांवर आणि पिल्लांवर टपलेला परदेशी शिकारी एकदा तिथे रुजला, की त्याला परत बाहेर काढता येत नाही. विहिरीत सोडणं हाही उपाय नाही.

त्यापेक्षा विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, मोठा झाल्यावर परत घ्याल का? मोठा टँक असलेला कोणी मित्र शोधून ठेवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर सल्ला घ्या. झाडगावच्या मत्स्यालयात गेलात, तर कोणते मासे एकत्र ठेवलेत आणि कोणाला वेगळी काच दिली आहे, तेही नीट बघून या.

आणि दुकानात शिरण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा : मासा किती मोठा होणार, किती वर्षं जगणार, आणि आपल्या घरात किती लिटरचा टँक मावणार. हे तीन जुळत नसतील, तर त्या दिवशी गप्पीच घेऊन या.