पैसेवारीची परीक्षा

कोणत्याही नियमाची परीक्षा दोन प्रकारें करितां येते. कागद वेळेवर पुरा झाला कीं नाहीं, ही पहिली; ज्या हेतूनें नियम केला तो साधला कीं नाहीं, ही दुसरी. दप्तरांत बहुधा पहिलीच चालते. शेतकरी बंधूंनीं पैसेवारीस दुसरी लावून पाहावी, अशी आमची सूचना आहे.

पूर्वी हीच आणेवारी होती. मुंबई इलाख्यांत पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरल्यास त्या वर्षीं सारा तहकूब मागतां येई. 1918 सालीं खेडा जिल्ह्यांत रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आंत आहे. अधिकारी म्हणत, अधिक आहे. वाद नियमाचा नव्हता, आंकड्याचा होता. आणि आंकडा ठरविणारें खातें तेंच सारा वसूल करणारें!

आतां मर्यादा पन्नास पैशांची आहे. दहा मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे सुमारें गुंठाभर तुकडा आंखून पीक कापावयाचें, मळून वजन घ्यावयाचें, प्रमाण उत्पन्नाशीं ताडावयाचें आणि गांवाची सरासरी काढावयाची. रीत वाईट नाहीं. परंतु शंभर सारख्या शेतांपैकीं साठांत पंचाहत्तर पैसे व चाळिसांत वीस पैसे पीक आलें, तर सरासरी त्रेपन्न येते. हिशेब बिनचूक, आणि चाळीस घरें सवलतीस मुकलीं. शिवाय तुकडा चिठ्ठीनें न निवडतां सडकेलगतच्या विहिरीच्या रानांत धरला, तर वजन खरें असूनही आंकडा खोटा ठरतो. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरांत निघते. तोंवर रब्बीचें बियाणें बहुतेकांनीं उसनवारीनें पेरलेलें असतें.

2018 सालीं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो पाऊस, जमिनीतील ओल, उपग्रहानें टिपलेली हिरवळ अशा नव्या कसोट्यांवर. यांत माणसाच्या मर्जीस वाव कमी, हें आम्हांस मान्य आहे. तथापि ताट हिरवें दिसलें म्हणून कणसांत दाणा भरलाच असें नाहीं, आणि तणही हिरवेंच असतें.

याकरितां प्रत्येक गांवीं खळ्यावरील वजनांची स्वतंत्र वही ठेवावी. पीक बुडूनही ज्यांस कांहीं मिळालें नाहीं, त्यांचीं नांवें तींत लिहावींत. पीक चांगलें असतां ज्यांस सवलत मिळाली, त्यांचींही लिहावींत. ही दुसरी यादी कोणास आवडत नाहीं, पण तिच्यावांचून पहिलीवर कोणी विश्वास ठेवणार नाहीं. कापणीची तारीख तलाठ्यास आधीं विचारून घ्यावी, आणि त्या दिवशीं गट नंबर व वजन तेथल्या तेथें टिपून घ्यावें.