एकाच उतारावर सर्वांची जागा

मासळीच्या पेटीतला बर्फ सोडला, तर गोमंतकीयांचा बर्फाशी फारसा परिचय नाही. तरीही बर्फावरून फळीवर घसरण्याच्या खेळाची उद्याने कशी आखतात हे वाचताना आम्हांस पेडणे-डिचोलीतील शाळांची पटांगणेच वारंवार आठवली.

हा खेळ तसा अर्वाचीन. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी खेळणे केले, तेव्हापासूनचा. १९९८ साली नागानो येथे तो ऑलिंपिकमध्ये आला आणि २०१४ साली सोची येथे दिव्यांगांच्या हिवाळी स्पर्धांतही. आपल्याकडे गुलमर्गच्या उतारांवर तो खेळतात.

उद्यान आखणारे जाणकार डोंगराचा उतार सपाट करीत नाहीत, त्याचा उपयोग करतात. नवशिक्यासाठी रुंद, बर्फाच्या पातळीतच बसविलेली पेटी असते. तिच्यावर चढण्यास उडी मारावी लागत नाही. पुढे लहान उंचवटे, त्यापुढे मोठे. उडीनंतर पाय टेकतात ती जागाही उतरतीच ठेवतात, कारण सपाटीवर आदळल्यास सारा भार गुडघ्यांवर येतो. प्रत्येक अडथळ्याच्या बाजूने मोकळी वाट असते. आज धीर झाला नाही, तर त्या वाटेने निघून जावे. कोणी हसत नाही. (निदान हसू नये, असा तेथील शिष्टाचार!)

आमच्याकडे पटांगण म्हटले की आधी बुलडोझर येतो. सपाटीवर धावणारा धावतो. कुबडी घेतलेला, धाप लागणारा किंवा नुसता भित्रा मुलगा कडेला बसून इतरांच्या चपला राखतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळात समान संधी सांगितली. पण चपला राखणारा अजून उठलेला नाही. वर्षानुवर्षे हे पाहणे आम्हांस असह्य वाटते.

वास्तविक आमच्या कुळागरांतील मुलांचा जुना खेळ याहून शहाणा होता. पोफळीच्या गळलेल्या विरीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने झावळीचा शेंडा धरून ओढायचे! ज्याला चालता येत नाही, तोही त्यात स्वार.

म्हणून शाळेच्या आवारात मूळचा उतार असेल, तर तो राखावा. एका अंगास फुटाला बारा फूट लांबीचा सौम्य चढ ठेवावा, म्हणजे चाकाची खुर्ची वर नेता येते. दुसऱ्या अंगास हिरवळीची घसरण, तिसऱ्यास धिटांसाठी उंच पायऱ्या, आणि घसरणीच्या तळाशी मोकळी वाळू. माथा मात्र सर्वांचा एकच असावा. पहिल्या सरी येताच हरळी लावावी, नाहीतर आपल्या पावसात माती टिकणार नाही. आणि शेवाळ धरणारा चिरा उतारावर मुळीच ठेवू नये. विऱ्यांना तर पैसाही पडत नाही.