विकणार नाही, म्हणजे नाही!

दोस्तांनो, ‘ऐच्छिक’ म्हणजे काय? ज्याला हवं त्यानं करावं, नको त्यानं करू नये. सोप्पं! पण सगळा वर्ग ‘हो’ म्हणत असताना एकट्यानं ‘नाही’ म्हणून पाहिलंय कधी?

अमेरिकन लेखक रॉबर्ट कॉर्मिए यांच्या ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या कादंबरीतला जेरी तेच करतो. त्याची आई नुकतीच वारलीय. वडील आपल्याच दुःखात गप्प. त्याच्या ट्रिनिटी शाळेला पैसे हवे असतात, म्हणून चॉकलेटचे २०,००० डबे विकायचं ठरतं. प्रत्येक मुलानं ५०. म्हणायला ऐच्छिक, पण वर्गात रोज नावं पुकारली जातात!

शाळेतली एक गुप्त टोळी जेरीला हुकूम सोडते, ‘दहा दिवस नकार द्यायचा.’ तो देतो. अकराव्या दिवशी सुटका! पण नाव पुकारताच जेरी पुन्हा म्हणतो, ‘नाही.’ हे ‘नाही’ मात्र कुणाच्या हुकमाचं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं.

मग काय! टोळी चॉकलेट विकण्याचीच टूम काढते. जेरीला निनावी फोन, लॉकरची नासधूस, मारहाण. त्याचा मित्र गूबर २७ डब्यांवर थांबतो, तर त्याच्या नावापुढे परस्पर ५० लागतात. आकडासुद्धा वेगळा नको!

शेवटी मैदानात जेरीची झुंज लावतात. ठोसा कोणता मारायचा, ते तिकीट घेणाऱ्या मुलांनी ठरवायचं. चिडून जेरीही ठोसा हाणतो आणि त्याला जाणवतं, आपणही त्यांच्यातलेच झालो. तो हरतो, जबर जखमी होतो. असा शेवट काही प्रकाशकांना नको होता. कॉर्मिए यांनी तो बदलला नाही.

गंमत म्हणजे, कॉर्मिए यांच्या मुलानं खरोखरच शाळेची चॉकलेटं विकायला नकार दिला होता. वडिलांनी त्याला साथ दिली आणि पुढे काहीच बिघडलं नाही. जेरीच्या बाजूनं मात्र वेळेवर कुणी उभं राहिलं नाही. टोळीत मूठभरच पोरं होती. मैदान भरलं ते तुमच्याआमच्यासारख्या साध्या मुलांनी.

उद्या तुमच्या वर्गात कुणी जेरी निघाला, तर त्याचं म्हणणं पटायलाच हवं असं नाही. पण निदान तिकीट तरी काढू नका!