मोटारीचा कल आणि मागचा स्थैर्यदंड

मोटार वेगाने वळण घेऊ लागली की तिचा सांगाडा वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुकतो. बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, आतल्या बाजूच्या सैल होतात आणि आत बसलेली माणसे एकमेकांवर रेलतात. हा कल कमी करण्यासाठी बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांजवळ, आणि काहींना मागच्या चाकांजवळही, पोलादाचा एक वाकवलेला दांडा बसवलेला असतो. अमेरिकेत त्याला ‘स्वे बार’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘अँटी-रोल बार’. आपल्याकडील गॅरेजांत तो नुसता ‘स्टॅबिलायझर’ असतो. येथे त्याला स्थैर्यदंड म्हटले आहे. हे नाव काहीसे फसवे आहे, हे पुढे दिसून येईल.

या दांड्याची रचना अगदी साधी असते. त्याचा मधला भाग मोटारीच्या आडव्या दिशेने जातो आणि रबरी बुशांच्या साहाय्याने सांगाड्याला धरलेला असतो. दोन्ही टोके काटकोनात वळवून एकेका कडीने डाव्या व उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर उचलली गेली, तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो व काहीच विरोध करीत नाही. परंतु एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की दांड्याला पीळ पडतो आणि हा पीळ उलगडू पाहणारे पोलाद त्या कलाला विरोध करते. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे पेटंट १९१९ साली मिळाले. तेव्हापासून त्याच्या मूळ कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही.

दांडा जाड केला की मोटार कमी कलते, आणि कमी कलली की तिची रस्त्यावरील पकड वाढते, असा एक समज आहे. त्यातील पहिला भाग बरोबर आहे, दुसरा जसाच्या तसा खरा नाही. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार किती असावा हे मुख्यतः मोटारीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर आणि वळणाची तीव्रता यांवरून ठरते. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार घ्यावी. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच आहे आणि चाकांतील अंतर १४५ सेंटीमीटर आहे असे समजू. वजनाच्या सहा-दशांश एवढा जोर तिला बाहेर ढकलू लागला, तर सुमारे २०७ किलोग्रॅम भार आतून बाहेर सरकतो. स्थैर्यदंड कितीही जाड केला तरी हा आकडा जवळजवळ तोच राहतो. बदलते ती त्याची पुढच्या व मागच्या चाकांमधील वाटणी; जी बाजू कलाला अधिक विरोध करते, तिच्या वाट्याला सरकणारा भार अधिक येतो.

ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते खरी, पण दुप्पट होत नाही. म्हणून प्रत्येकी ३०० किलोग्रॅम पेलणारी दोन चाके जेवढी पकड देतात, तेवढी पकड एकावर ४२४ आणि दुसऱ्यावर १७६ किलोग्रॅम आले असता मिळत नाही. ज्या जोडीत भाराची विषमता अधिक, ती जोडी आधी घसरते. पुढची जोडी आधी घसरली तर मोटार चालकाच्या अपेक्षेपेक्षा कमी वळते. याला अल्पवळण म्हणता येईल. मागची आधी घसरली तर मोटारीचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि ती अपेक्षेपेक्षा अधिक वळते. हे अतिवळण होय.

या वाटणीचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे शेव्हरोले कॉर्व्हेर या अमेरिकी मोटारीच्या इतिहासावरून दिसते. १९६० च्या सुमारास बाजारात आलेल्या या मोटारीचे इंजिन मागे होते आणि पुढे स्थैर्यदंड नव्हता. तिची अतिवळणाची प्रवृत्ती हा राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकातील एक प्रमुख विषय होता. १९६४ च्या आवृत्तीत पुढचा स्थैर्यदंड सर्व गाड्यांना बसवण्यात आला आणि १९६५ साली मागचे सस्पेन्शनच बदलले. १९७२ साली अमेरिकी शासनाच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने काढलेला निष्कर्ष मात्र असा होता की, जुनी कॉर्व्हेर तत्कालीन इतर मोटारींहून विशेष धोकादायक नव्हती. वाद बाजूला ठेवला तरी तत्त्व कायम राहते. पुढचा दांडा मोटारीला अल्पवळणाकडे नेतो, मागचा तिला अतिवळणाकडे नेतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींची गोष्ट कॉर्व्हेरच्या नेमकी उलट आहे. १९९१ ते २००० या काळात तयार झालेली होंडा सिव्हिक हे त्याचे चांगले उदाहरण. तिचे इंजिन पुढे असल्यामुळे वजनाचा सुमारे तीन-पंचमांश भाग पुढच्या चाकांवर पडतो. गाडी ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामेही तीच चाके करतात. साहजिकच ती आधी थकतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिच्या स्वस्त आवृत्त्यांना मागचा स्थैर्यदंड नव्हताच. हा कंजूषपणा नव्हे, निदान केवळ कंजूषपणा नव्हे. सामान्य चालक वळणावर घाबरला की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलतो. अल्पवळणाच्या मोटारीत त्याची ही उपजत प्रतिक्रिया बहुधा योग्य ठरते, कारण भार पुढे सरकतो व पुढच्या चाकांना पकड मिळते. निर्माते ही सोय जाणूनबुजून ठेवतात.

तरीही या मोटारीला मागचा जाड दांडा बसवण्याची चाल हौशी चालकांत रूढ झाली, आणि मोकळ्या आवारात शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या शर्यतींत तिचा उपयोगही दिसून येतो. वरच्या उदाहरणातील मोटारीत पुढच्या प्रत्येक चाकावर ३०० आणि मागच्या प्रत्येक चाकावर २०० किलोग्रॅम वजन आहे असे धरू. सरकणाऱ्या २०७ किलोग्रॅमपैकी १२४ पुढे व ८३ मागे जात असतील आणि मागच्या दांड्यामुळे मागचा वाटा १२० झाला, तर पुढच्या चाकांतील विषमता ४२४-१७६ वरून ३८७-२१३ वर येते. पुढच्या जोडीची पकड वाढते, मागची थोडी घटते. चालकाला मोटार ‘चाकाबरोबर वळते’ असे जाणवते ते यामुळेच. मात्र मागचा वाटा २०० किलोग्रॅमपर्यंत पोचला की आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते, आणि त्यापुढे मागे देण्यासारखा भारच उरत नाही.

दांडा निवडताना बहुतेकांची चूक होते ती व्यासाच्या बाबतीत. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १३ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटरचा दांडा घेतला, तर तो दीडपट नव्हे, सुमारे साडेचारपट ताठ होतो. याच नियमामुळे पोकळ दांडाही चालतो. २२ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा आतला १४ मिलिमीटरचा गाभा काढून टाकला तर वजन सुमारे ४० टक्के घटते, ताठपणा मात्र १६ टक्केच कमी होतो. काही दांड्यांच्या टोकांना दोन-तीन भोके असतात. जवळच्या भोकात कडी बसवली की दांड्याचा हात आखूड व विरोध अधिक होतो. २०० मिलिमीटरचा हात १८० केला तर विरोध जवळपास चतुर्थांशाने वाढतो.

ताठ दांडा म्हणजे त्याला धरणाऱ्या पत्र्यावर अधिक ताण. जुन्या सिव्हिकमध्ये होंडाच्याच इंटेग्रा मोटारीचा जाड दांडा बसवल्यावर ब्रॅकेटजवळचा पातळ पत्रा फाटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तेथे ताण पसरवणारी जाड पट्टी आधी बसवावी लागते. शिवाय दांडा नसलेल्या आवृत्तीत सस्पेन्शनच्या खालच्या आडव्या हातांना कडी जोडण्याची सोयच नसते; ते हातही बदलावे लागतात. वीस-तीस वर्षे वापरलेल्या मोटारीत याहून आधीचे काम असते ते टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश तपासण्याचे. पुष्कळदा मोटार ‘सैल’ वाटते ती झिजलेल्या बुशांमुळे, आणि थोड्या खर्चात ती पूर्ववत होते.

दांडा बसवताना मोटार नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कदापि जाऊ नये. मजबूत स्टँड हवेतच. मागची दोन्ही चाके एकदम उचलावीत, कारण एकच उचलले तर दांड्याला पीळ राहतो आणि बोल्ट सुटताच तो उसळतो. नवे बुश पॉलियुरेथेनचे असतील तर त्यांना योग्य ग्रीस लावावे, नाहीतर ते कुरकुरतात. कड्या जोडण्यापूर्वी दांडा बुशांमध्ये हाताने फिरतो की नाही हे पाहावे, आणि कड्यांचे बोल्ट मोटारीचे वजन चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळावेत.

यानंतर ‘स्थैर्य’ या शब्दाचा फसवेपणा ध्यानात येतो. वळणाच्या मध्यावर पाय उचलण्याची तीच जुनी सवय आता घात करू शकते. भार पुढे जातो, आधीच विषम झालेली मागची जोडी आणखी हलकी होते आणि मागचा भाग बाहेर सुटतो. ओल्या रस्त्यावर, किंवा मागचे टायर पुढच्यांहून अधिक झिजलेले असल्यास, हे फार कमी वेगातही घडते. मोटार घरातील इतर माणसेही चालवीत असतील, तर त्यांना या बदलाची कल्पना देणे आवश्यक आहे. खडबडीत रस्त्यावर आणखी एक उपद्रव जाणवतो. एका चाकाला बसलेला धक्का दांडा दुसऱ्या चाकाकडे पोचवतो, आणि मोटार डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागते.

सुरुवात म्हणून कडी सर्वांत लांबच्या भोकात ठेवून, मोकळ्या बंदिस्त जागेत, प्रथम कोरड्या व मग ओल्या जमिनीवर मोटार पारखणे इष्ट. बर्फाळ प्रदेशांत हिवाळ्यापुरता दांडा निष्क्रिय करायचा असेल तर तो उतरवण्याचेही कारण नसते. दोन्ही टोकांच्या कड्या काढून ती टोके चाकांपासून दूर घट्ट बांधली, की दांड्याला पीळ देणारे काहीच राहत नाही.